कोल्हापूर परिसरात जांभूळ: ओळख, लागवड आणि घरगुती वापर

मे महिन्याच्या २५ तारखेच्या सुमारास सूर्य रोहिणी नक्षत्रात जातो आणि त्याच दिवसांत राधानगरी, पन्हाळा, शाहूवाडी या भागांतून आलेल्या बायका कोल्हापूरच्या बाजारांत पाट्या मांडून जांभळे विकायला बसतात. नक्षत्रवनांच्या परंपरेत रोहिणीचा आराध्यवृक्ष जांभूळच सांगितला आहे, ही गोष्ट मला नेहमी अर्थपूर्ण वाटते, कारण ज्याने कोणी ही जोडी ठरवली त्याने झाडाकडे आणि आभाळाकडे एकाच वेळी पाहिले असावे. ज्यांनी आजवर जांभूळ फक्त वाट्यावर विकत घेऊन खाल्ले आहे, पण आता स्वतःच्या बांधावर, परसात किंवा ओढ्याकाठी ते लावावे आणि त्याचे पारंपरिक उपयोग नीट शिकून घ्यावेत अशी ज्यांची इच्छा आहे, त्यांच्यासाठी हा लेख आहे. कामे ज्या क्रमाने करावी लागतात, त्याच क्रमाने ती पुढे सांगितली आहेत.

आधी झाड ओळखावे

जांभूळ हे सदाहरित झाड आहे. याचा अर्थ त्याची पाने कधीच गळत नाहीत असा नाही. जुनी पाने गळत असतानाच नवी फुटत राहतात, त्यामुळे झाड कधी पूर्ण उघडे पडत नाही. पाने समोरासमोर येतात, जाड आणि चकचकीत असतात, आणि कोवळी पालवी तांबूस रंगाची असते. खात्रीची खूण हवी असल्यास एक पान उजेडाकडे धरावे. मधल्या शिरेपासून निघालेल्या बारीक, जवळजवळच्या उपशिरा कडेपर्यंत जाऊन तेथे काठालगतच्या एका शिरेला मिळालेल्या दिसतात. पान चुरगळले तर टर्पेंटाइनसारखा किंचित उग्र वास येतो. हे झाड लवंग, पेरू आणि निलगिरी यांच्या कुळातले आहे, हे त्या वासावरून पटते. मार्च-एप्रिलमध्ये पांढुरक्या, मंद वासाच्या लहान फुलांचे झुबके येतात आणि झाडाखाली पुंकेसरांचा बारीक सडा पडतो.

सह्याद्रीच्या माथ्यावरच्या सदाहरित व निमसदाहरित जंगलाला वनस्पतीशास्त्रात जी ओळख मिळाली आहे, ती अंजनी, पिसा आणि जांभूळ या तीन झाडांच्या सहवासावरून. दाजीपूरच्या जंगलात उभे राहिले की ही तिन्ही झाडे आसपास दिसतात. म्हणजे आपण बाहेरून आणलेले शोभेचे झाड लावत नसून आपल्याच डोंगरातले झाड थोडे खाली, शेताकडे आणत आहोत, ही जाणीव नवख्याने ठेवावी. मात्र राधानगरी अभयारण्यातून बी, फळ, साल किंवा रोप आणू नये. १९५८ पासून संरक्षित असलेले ते जंगल २०१२ मध्ये पश्चिम घाटाच्या जागतिक वारसा स्थळांत समाविष्ट झाले आहे, आणि तेथील फळांवर पहिला हक्क पाखरांचा, अस्वलांचा आणि उदमांजरांचा आहे. बी हवे असेल तर गावातल्या, ओळखीच्या झाडाचे घ्यावे.

स्थानिक बोलीत मोठ्या, गरदार फळाला रायजांभूळ म्हणतात आणि बारीक, बी मोठी व गर कमी अशा रानटी फळांना लहान जांभूळ किंवा इतर नावे आहेत. लावण्यासाठी झाड निवडताना फळ चाखूनच निवडावे. नावावर जाऊ नये.

जागा ठरवावी

कोल्हापूर जिल्ह्यात पूर्वेकडून पश्चिमेकडे सरळ जायला काही तास लागतात, पण त्या तासांत पाऊस आणि माती पार बदलतात. शिरोळकडे वर्षाला पाच-सहाशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस आणि काळी, खोल जमीन. गगनबावड्याकडे काही हजार मिलिमीटर पाऊस आणि तांबडी, जांभ्याची जमीन. जांभूळ दोन्हीकडे जगते, परंतु लावण्याची पद्धत वेगळी ठेवावी लागते. पूर्वेकडे पहिल्या दोन उन्हाळ्यांत पाणी देण्याची सोय आहे का, हे आधी पाहावे. पश्चिमेकडे पावसाळ्यात रोपाच्या बुंध्याशी पाणी तुंबणार नाही ना, हे पाहावे. मोठे झालेले झाड पुराचे पाणी काही दिवस सोसते, म्हणूनच पंचगंगेच्या आणि तिच्या उपनद्यांच्या काठी जांभळे टिकून राहिली आहेत; कोवळ्या रोपात मात्र ती ताकद नसते. शिरोळ आणि हातकणंगले भागात ज्यांची जमीन थोडी क्षारपड झाली आहे, त्यांनीही कडेला जांभळाचा विचार करण्यास हरकत नाही, कारण सौम्य क्षारता हे झाड सहन करते. जमीन पूर्ण पांढरी पडली असेल तर आधी निचऱ्याची व्यवस्था करावी लागते.

घराच्या अगदी जवळ, अंगणातल्या फरशीवर सावली येईल अशा ठिकाणी जांभूळ लावू नये. फळांचे डाग फरशीवरून सहज निघत नाहीत आणि वादळात फांद्या मोडतात. उसाच्या शेताच्या मधोमधही ते नको. पंचवीस-तीस मीटर उंच जाऊ शकणाऱ्या झाडाची सावली किती पडते, याचा अंदाज रोपाकडे पाहून येत नाही. ओढ्याचा काठ, विहिरीपासून थोडे अंतर राखून मळ्याचा कोपरा, गोठ्याची पश्चिम बाजू, किंवा सार्वजनिक पाणवठ्याजवळची मोकळी जागा, ही त्याची खरी ठिकाणे. शेजाऱ्याच्या बांधालगत लावायचे असेल तर त्याच्याशी आधीच बोलून घ्यावे. दहा वर्षांनी सावलीवरून होणारी कटकट एका बैठकीत टळते.

बी की कलम

हा प्रश्न प्रत्येक नवखा विचारतो, म्हणून थोडे सविस्तर सांगतो.

बियांपासून वाढवलेले झाड मोठे, दीर्घायुषी आणि खोल मुळांचे होते, पण फळ धरायला आठ ते दहा वर्षे लागतात आणि ते फळ मूळ झाडासारखेच असेल याची पूर्ण हमी नसते. कलम चार ते सहा वर्षांत फळ देते आणि फळाचा गुण निश्चित असतो. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने पालघर जिल्ह्यातील बहाडोली गावच्या प्रसिद्ध जांभळांतून निवडलेली ‘कोकण बहाडोली’ ही जात मोठ्या, गरदार फळांसाठी ओळखली जाते आणि तिची कलमे रोपवाटिकांतून मिळतात. विक्रीसाठी बाग करायची असेल तर कलमच घ्यावे. ओढ्याच्या काठावर पाखरांसाठी, सावलीसाठी आणि पुढच्या पिढीसाठी झाड हवे असेल तर बी लावावे. माझे स्वतःचे मत असे की ज्यांच्याकडे जागा आहे त्यांनी दोन्ही लावावीत. कलमाची फळे खात खात बियांच्या झाडाची वाट पाहता येते.

बी लावणाऱ्यांनी एक गोष्ट कायम लक्षात ठेवावी. जांभळाचे बी साठवून ठेवता येत नाही. ते वाळले की त्यातील जीव जातो, आणि साधारण दोन आठवड्यांत उगवण झपाट्याने घटते. मी पहिल्या वर्षी चांगल्या फळांच्या बिया धुऊन, उन्हात वाळवून, कागदात बांधून महिनाभर ठेवल्या आणि मग मोठ्या अपेक्षेने पिशव्यांत लावल्या. एकही उगवली नाही, आणि एका उत्तम झाडाचा हंगाम हातचा गेला. म्हणून फळ खाल्ल्यावर गर धुऊन काढावा आणि त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी बी लावावे. माती, वाळू आणि कुजलेले शेणखत समप्रमाणात भरलेल्या पिशवीत बी दोन सेंटिमीटर खोल ठेवावे. दोन ते पाच आठवड्यांत उगवण होते. एकाच बीमधून कधी दोन, कधी चार-पाच कोंब फुटतात. हे जांभळाचे वैशिष्ट्य आहे, त्यात घाबरण्यासारखे काही नाही. सर्वांत जोमदार कोंब ठेवावा आणि बाकीचे मुळांना धक्का न लावता कात्रीने कापावेत.

कलम विकत घेताना सांधा नीट पाहावा. वरची काडी आणि खालचा खुंट एकजीव झालेले असावेत, सांध्याशी भेग किंवा गाठ नसावी, आणि पिशवीच्या बुडातून मुळे बाहेर येऊन गुंडाळलेली नसावीत. उंच रोपाचा मोह टाळावा. गुडघ्याएवढे, दणकट आणि नवी पालवी असलेले कलम अधिक चांगले लागते.

खड्डा आणि लागण

खड्डा एप्रिल-मेमध्येच काढावा. तो एक मीटर लांब, रुंद आणि खोल असावा. जांभ्याच्या कातळावर एवढी खोली मिळत नसेल तर लांबी-रुंदी वाढवावी. वरची माती एका बाजूला आणि खालची मुरमाड माती दुसऱ्या बाजूला टाकून खड्डा पंधरा दिवस उन्हात तापू द्यावा. नंतर वरची माती, दोन-तीन घमेली चांगले कुजलेले शेणखत आणि वाळवीचा त्रास असेल तेथे ओंजळभर निंबोळी पेंड मिसळून तो भरावा. मुरमाड माती आळे करायला उपयोगी पडते. दोन झाडांत सुमारे दहा मीटर अंतर ठेवावे, म्हणजे एकरात चाळीस झाडे बसतात. हे अंतर रोप लहान असताना फार वाटते, पण ते कमी करू नये.

करवीर, कागल, हातकणंगले, शिरोळ या भागांत मृगाचे एक-दोन दमदार पाऊस झाल्यावर लागण करावी. राधानगरी, भुदरगड, आजरा, गगनबावडा या बाजूला मात्र जुलैच्या धुवाधार पावसात कोवळी रोपे कुजण्याची शक्यता असते, म्हणून तेथे एक तर मृगाच्या सुरुवातीलाच जमिनीपेक्षा वीतभर उंच वाफ्यावर लावावे, नाही तर जोराचा पाऊस सरल्यावर ऑगस्टअखेर लावावे. पिशवी फाडताना मातीचा गोळा फुटू देऊ नये. कलमाचा सांधा जमिनीच्या वर किमान चार बोटे राहिला पाहिजे. तो मातीत गेला तर खालच्या खुंटाला फूट येते आणि कलमाचा मूळ हेतूच संपतो. रोपाशेजारी बांबूची काठी रोवून सुती दोरीने सैल बांधावे.

पहिली दोन-तीन वर्षे

या काळातली कामे थोडी आहेत, पण ती चुकवू नयेत. दिवाळीनंतर बुंध्याभोवती उसाच्या पाल्याचे किंवा गुऱ्हाळाकडच्या चिपाडाचे आच्छादन पसरावे. ते बुंध्याला चिकटू देऊ नये, नाही तर वाळवी चढते. उन्हाळ्यात आठवड्यातून एकदा भरपूर पाणी द्यावे. रोज थोडे पाणी देण्याने मुळे वरच राहतात. शेळ्यांना जांभळाचा पाला आवडतो, त्यामुळे बाभळीच्या काट्यांचे कुंपण हवेच. सांध्याखाली फुटणारे कोंब दिसतील तेव्हा लगेच काढावेत, आणि जमिनीपासून दोन-अडीच फुटांपर्यंतच्या बाजूच्या फांद्या कमी करून खोड सरळ घ्यावे. झाड फळावर आल्यानंतर फुले येण्याआधीच्या महिन्यांत पाणी तोडावे, आणि फळे मुगाएवढी झाली की पुन्हा सुरू करावे.

फुलोऱ्याच्या काळात कीटकनाशक मुळीच फवारू नये. भुदरगड तालुक्यातील पाटगाव हे आज मधाचे गाव म्हणून ओळखले जाते. त्या बाजूच्या सातेरी मधमाश्यांना मार्च-एप्रिलमध्ये जांभळाचा फुलोरा मोठा आधार देतो. जांभळाचा मध गडद रंगाचा आणि किंचित कडसर-तुरट असतो. ज्यांना मध म्हणजे नुसता गोडवा अशी सवय आहे, त्यांना तो पहिल्यांदा वेगळा वाटतो, पण एकदा ओळख पटली की तोच मागून घ्यावासा वाटतो.

फळे उतरवणे

जांभळाची फांदी ठिसूळ असते, हे या लेखातले सर्वांत महत्त्वाचे वाक्य आहे. मनगटाएवढी जाड, हिरवीगार दिसणारी फांदीही वजन पडताच कसलीही पूर्वसूचना न देता मोडते, आणि दर हंगामात कोठे ना कोठे जांभळावरून पडून कोणीतरी जायबंदी होते. मुलांना झाडावर चढवू नये आणि मोठ्यांनीही चढू नये. शिडी जमिनीवर पक्की टेकवून, कमरेला दोर बांधून, हाताला येणारी फळे काढावीत. उंचावरची फळे चौघांनी जुने लुगडे किंवा ताडपत्री ताणून धरून, लांब आकडीने फांदी हलवून झेलावीत.

जांभूळ तोडल्यानंतर पिकत नाही. म्हणून पूर्ण काळसर जांभळे झालेलेच काढावे, आणि हंगामात रोज किंवा दिवसाआड फेरी करावी. पूर्ण वाढलेल्या, बियांपासून आलेल्या झाडापासून साधारण ८० ते १०० किलो फळ मिळते. घरात ते दोन-तीन दिवसांपेक्षा जास्त टिकत नाही, म्हणून वापराची तयारी फळे उतरवण्याआधीच करून ठेवावी. मृगाचा पाऊस लागला की फळमाशीच्या अळ्या वाढतात. त्यामुळे जमिनीवर पडलेली फळे खाण्यासाठी घेऊ नयेत आणि झाडावरून काढलेलीही मिठाच्या पाण्यात दहा मिनिटे ठेवून मग धुवावीत.

गर, बी, पान, साल

गराचे सरबत करण्यासाठी एक किलो पिकलेली फळे अर्धा पेला पाण्यासह मंद आचेवर पाच-सात मिनिटे फक्त ऊन करावीत, थंड झाल्यावर हाताने कुस्करावीत आणि चाळणीतून गर गाळून घ्यावा. मिक्सरमध्ये बियांसह फिरवू नये, कारण बी फुटले की सगळा रस तुरट होतो. गुळाचे पाणी, सैंधव आणि भाजलेल्या जिऱ्याची पूड घालून तो प्यावा. भांडे स्टीलचे, काचेचे किंवा चिनी मातीचे असावे. तांब्या-पितळेच्या भांड्यात आंबट रस ठेवू नये. हाच रस काचेच्या बरणीत, तोंडाला फडके बांधून काही आठवडे आंबू दिला की जांभळाचा शिरका (व्हिनेगर) तयार होतो आणि तो जुन्या घरांत जेवणानंतर पाण्यातून घेतला जात असे.

बियांची पूड हा जांभळाचा सर्वांत प्रसिद्ध उपयोग आहे आणि सर्वांत जास्त गैरसमजही त्याबद्दलच आहेत. आयुर्वेदात जांभळाचे बी मधुमेहासारख्या विकारांसाठी सांगितले असून चूर्णाची मात्रा तीन ते सहा ग्रॅम दिलेली आहे. पूड करण्यासाठी बिया धुऊन, त्यांवरचा पातळ पापुद्रा निघेपर्यंत वाळवाव्यात, आतील हिरवट मगज तुकडे करून पुन्हा कडक वाळवावा आणि मग दळून वस्त्रगाळ करावा. कोल्हापुरात खरी अडचण वाळवण्याची येते, कारण हंगाम आणि पाऊस एकाच वेळी येतात. रोहिणीतल्या उन्हात मिळालेल्या बियाच यासाठी वापराव्यात. नंतरच्या बिया पूर्वी चुलीवरच्या माळ्यावर वाळवत असत, आणि ज्यांच्याकडे चूल आहे त्यांनी आजही तसेच करावे. बुरशीचा वास आला तर ती पूड टाकून द्यावी. मधुमेहासाठी गोळ्या किंवा इन्शुलिन घेणाऱ्यांनी स्वतःच्या मनाने ही पूड सुरू करू नये, कारण दोन्हींचा परिणाम मिळून साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. डॉक्टरांना सांगून, साखर तपासत घ्यावी, आणि चालू औषध परस्पर बंद करणे हा तर मोठाच अपराध समजावा.

तोंड आले असता कोवळी पाने चावून रस तोंडात फिरवण्याची पद्धत खेड्यांत अजून आहे, आणि वाळलेल्या पानांची राख दंतमंजनात घालत असत. सालीचा काढा गुळण्यांसाठी आणि जुलाबावर वापरला जातो. त्यातील तुरटपणा टॅनिनचा असतो. या टॅनिनमुळे जांभळाची साल चामडे कमावण्यासाठी आणि मासेमारीची जाळी रंगवण्यासाठीही वापरली गेली. कोल्हापुरी चपलेच्या चामड्यासाठी मात्र आपल्याकडे बाभळीची साल आणि हिरडा हीच मुख्य सामग्री राहिली आहे, आणि या दोन गोष्टींची गल्लत करू नये. काढ्यासाठी साल हवी असल्यास ती उभ्या झाडाच्या खोडावरून कधीही सोलू नये. खोडाभोवती साल निघाली की झाड वाळते. हंगामानंतर छाटलेल्या फांदीची साल घ्यावी. गुण तोच असतो.

लाकूड

जांभळाचे लाकूड पाण्यात दीर्घकाळ कुजत नाही, म्हणून देशाच्या अनेक भागांत विहीर बांधताना तळाशी त्याचे कडे बसवून त्यावर दगडी बांधकाम उचलत असत. होड्या, बैलगाडीचे भाग आणि घराच्या तुळया यांसाठीही ते वापरले जाई. अलीकडे पाण्याच्या टाकीत जांभळाचे लाकूड टाकल्यास पाणी शुद्ध होते असा सल्ला मोबाइलवर फिरतो आणि त्यापायी लोक चांगली झाडे तोडू लागले आहेत, याचे मला फार वाईट वाटते. लाकूड न कुजणे आणि पाणी पिण्यायोग्य होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पाणी उकळून किंवा क्लोरीन वापरूनच शुद्ध करावे.

स्वतःच्या शेतातले असले तरी जांभळाचे झाड विनापरवाना तोडता येत नाही. महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, १९६४ च्या अनुसूचीत त्याचे नाव आहे, आणि शहराच्या हद्दीत १९७५ चा झाडांच्या संरक्षणाचा कायदा लागू होतो. वाळलेले किंवा धोकादायक झुकलेले झाड काढायचे असेल तर गावात वृक्ष अधिकाऱ्याकडे आणि शहरात महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाकडे अर्ज द्यावा. फांद्यांची छाटणी जुलैअखेर, शेवटची फळे उतरल्यावर, उघडीप असेल त्या दिवशी करावी. छाटलेल्या फांदीवरची साल त्याच दिवशी सोलून घ्यावी, कारण लाकूड सुकू लागले की ती घट्ट चिकटते, आणि उरलेल्या काटक्या सरपणासाठी कोरड्या जागी रचाव्यात.